कौतुकाचा धनी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी जाणत्यांनी जड विषयांवर बोलावे व गावाने ते शांतपणे ऐकावे, हा रिवाज पुढे गावोगाव पडला. आजचा माझा विषय मात्र जड नाही. मी तुमच्या घरात शिरणार आहे, आणि तेही पुढच्या दाराने नव्हे. जिथे कुत्र्याची ताटली ठेवलेली असते त्या मागच्या दाराने. विषय लहान वाटेल. पण राज्यकारण काय किंवा अर्थकारण काय, माणूस हा सारा खटाटोप शेवटी ज्या चार माणसांसाठी करतो ती चार माणसे घरातच बसलेली असतात, एवढे ध्यानात घेऊन आपण मला सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

आपल्या माणसांविषयी आपल्याला दोन गोष्टी वाटतात. एक अभिमान आणि दुसरे कौतुक. बोलण्याच्या ओघात आपण हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे वापरतो. पण त्यांची जात निराळी आहे. अभिमानाला निमित्त लागते. मुलगी पहिली आली, मुलाला नोकरी लागली, सून अधिकारी झाली, की अभिमान वाटतो. तो चारचौघांत सांगण्याजोगा असतो. किंबहुना ऐकायला चारचौघे नसले तर त्याची निम्मी गोडी जाते. कौतुकाचे तसे नाही. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. मराठीने त्यात माया कालवली. पाळण्यातल्या मुलाकडे आई पाहत राहते, तेव्हा त्या मुलाने कोणता पराक्रम केलेला असतो? जांभई दिलेली असते, एवढेच. पण त्या जांभईचे नवल वाटते आणि स्वयंपाकघरातून आजीला हाक मारून ती दाखवावीशी वाटते. अभिमान केलेल्या कामाचा असतो, कौतुक नुसत्या असण्याचे असते.

पुढे मूल चालू लागते, शाळेत जाते, आणि कौतुकाची जागा हळूहळू प्रगतिपुस्तक घेते. मराठी घर मायेला कमी नाही, पण ती बोलून दाखवण्यात फार कंजूष आहे. तोंडावर स्तुती केली तर पोर शेफारते, शिवाय दृष्ट लागते, ती वेगळीच. म्हणून बाप मुलाचे गुण गातो ते शेजाऱ्यापाशी, आणि तेही मुलगा घरात नसताना. मुलाच्या कानी ते पडते कित्येक वर्षांनी, बहुधा बापाच्या तेराव्याला आलेल्या त्याच शेजाऱ्याच्या तोंडून.

अशा घरात एके दिवशी कुत्र्याचे पिलू येते. पूर्वी त्याचे नाव मोत्या किंवा वाघ्या असे; आता ब्रूनो आणि सिंबा आले आहेत. ते येताना ठरलेला विरोध होतो. आजी म्हणते, "माझ्या देवघराकडे फिरकता कामा नये." बाप म्हणतो, "शी-शू काढायची असेल त्यांनी आणा." महिन्याभरात आजी आपल्या पोळीतला पदर त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागते आणि पहाटे साखळी धरून तोच बाप रस्त्याने चाललेला दिसतो. मग एक चमत्कार घडतो. ज्या माणसाने बायकोच्या भाजीला तीस वर्षांत 'छान झाली' म्हटलेले नाही, तो माणूस कुत्र्याने नुसता पुढचा पाय उचलून हातात दिला तर सारे घर गोळा करतो! आल्यागेल्याला सांगतो, "याला सगळे कळते, फक्त बोलता येत नाही." त्या कुत्र्याने काही मिळवलेले नसते, तो काही मिळवून आणणारही नसतो. पाळण्यातल्या मुलानंतर या घरात निर्हेतुक कौतुकाचा धनी झालेला हा पहिलाच जीव.

एवढ्यावर हे थांबत नाही. घरातला हा मुका प्राणी घरातले टपालखाते होतो. जे एकमेकांना थेट सांगायला जीभ रेटत नाही ते त्याच्यामार्फत सांगितले जाते. "काय रे मोत्या, आज तुझ्या ताईला उशीर झाला वाटते?" हा प्रश्न मोत्यासाठी नसतो, तो उंबऱ्यात चपला काढणाऱ्या ताईसाठी असतो. "बघ बाबा, या घरात माझे कोण ऐकतो?" हेही त्याच्या नावावर टाकलेले दुसऱ्याचे पत्र असते.

आमच्या आळीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. दहावीचा निकाल लागला. मोबाइलवर दुपारी एक वाजता कळले की मुलगा गणितात गेला. आईने डोळ्यांना पदर लावला. मुलगा गच्चीच्या जिन्यात जाऊन बसला आणि कुत्रा त्याच्या पायाशी जाऊन पडला. शेजारपाजारचे पेढे येत होते, त्यामुळे घर आणखीच गप्प होते. संध्याकाळी वडील दुकानातून आले. त्यांना सांगण्यात आले. ते काही बोलले नाहीत. पाय धुऊन खुर्चीवर बसून राहिले. रात्रीचे साडेनऊ झाले तरी मुलगा खाली येईना. तेव्हा वडील उठले, जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "मोत्या, दादाला म्हणावे ताट वाढले आहे. परीक्षा काय, पुन्हा देता येते. तुझ्या दादाशिवाय आम्हांला घास जायचा नाही."

वरून आधी कुत्रा आला, त्याच्यामागून मुलगा आला. सगळे जेवले. गणितावर त्या रात्री बोलणे झाले नाही.

श्रोतेहो, त्या बापाच्या मनात जे होते ते सोळा वर्षे होतेच. त्याला फक्त वाट सापडत नव्हती. ती त्या मुक्या जनावराच्या अंगावरून गेली. मार्कांची यादी न मागता ज्याला जवळ घ्यायची सवय लागली होती, त्याच्या शेजारी आपला मुलगाही बसलेला आहे, हे त्याला त्या रात्री दिसले.

हा संबंध आजकालचा नव्हे, किंवा हौसेपुरताही नव्हे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एका खाणीत पुरातन दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्रा. काळ सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा. अलीकडे, २०१८ साली, त्या कुत्र्याच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते साडेसहा-सात महिन्यांचे पिलू होते आणि त्याला बहुधा डिस्टेंपरचा भारी आजार झाला होता. माणसाने पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय ते इतके आठवडे जगलेच नसते, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आजारी पिलू शिकारीच्या उपयोगाचे नसते. तरी कोणीतरी त्याच्या उशाशी बसले होते. आपल्याकडे श्रीनगरजवळ बुर्झहोम येथे, सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, माणसांच्या बरोबर पुरलेले कुत्रे सापडले आहेत. ज्यांनी धान्याची कोठारे मागे ठेवली त्या माणसांनी ही सोबतही मागे ठेवली आहे.

आणि आपले महाभारत तर याहून पुढे जाते. महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालय चढत आहेत. प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. प्रत्येक जण पडला की भीम कारण विचारतो आणि धर्मराज कारण सांगतो. हिचा अर्जुनाकडे ओढा अधिक होता, याला शहाणपणाचा गर्व होता, त्याला रूपाचा होता. शेवटी भीम स्वतः पडतो आणि त्यालाही त्याच्या खादाडपणाचा हिशेब ऐकावा लागतो. प्रत्येकाचे प्रगतिपुस्तक तयार होते, आणि ते वाचून धर्मराज मागे न पाहता पुढे चालतो! मागोमाग येत राहतो तो फक्त कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. तेव्हा धर्मराज सांगतो की जो भक्तीने माझ्याबरोबर आला त्याला टाकून मला स्वर्ग नको. त्या कुत्र्याने काही पराक्रम केला असे व्यासांनी कुठेच सांगितलेले नाही. तो बरोबर आला, एवढेच.

पण कथा इथे संपत नाही, आणि आपण मात्र ती बहुधा इथेच संपवतो. पुढच्या स्वर्गारोहण पर्वात धर्मराजाला नरकातून आपल्या भावांचा आणि द्रौपदीचा आक्रोश ऐकू येतो. यावेळी तो कोणाचे दोष मोजत नाही. तो म्हणतो, ही माणसे जिथे आहेत तिथेच मी राहीन. जे त्याने आधी कुत्र्यासाठी केले तेच नंतर आपल्या माणसांसाठी केले. मला वाटते, घरात प्राणी असण्याचा खरा लाभ हाच आहे. तिथे शिकलेला धडा पुढे माणसांपाशी म्हणून दाखवायचा असतो.

आता या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे, ती सांगितली नाही तर माझे बोलणे लाडावर संपेल. मराठीत आपण प्राणी पाळतो, तसाच शब्द पाळतो आणि व्रतही पाळतो. क्रियापद एकच आहे, आणि ते उगीच एक नाही. कौतुकाने भरवलेला कांदेपोह्यांचा घास कुत्र्याला बाधतो, कारण कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. शिऱ्यातला बेदाणा त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतो. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचलीच पाहिजे, कारण त्या रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस काय, जनावर काय, वाचणे जवळजवळ अशक्य. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. घरचा आहे म्हणून सूट देऊ नये. आणि म्हातारा झाला म्हणून त्याला गावाबाहेर सोडून येणे हे तर व्रतभंगच. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देण्याला गुन्हा म्हणतो. पण त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा होता. तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी प्राणी पाळत नाही. पाळणाऱ्याला स्वतःचाच धाक असावा लागतो.

कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, क्वचित पंधराचे. म्हणजे मुलाच्या पाचव्या वर्षी आलेला सोबती त्याच्या ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर निघून जातो. त्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी "एका कुत्र्यासाठी काय रडायचे!" असे म्हणू नये. ते मूल आयुष्यात पहिल्यांदा मरण जवळून पाहत असते. पुढे आजी जाईल, आईवडील जातील, तेव्हा माणसापाशी शेवटपर्यंत कसे बसावे, हे ते इथे शिकत असते.

आता आटोपते घेतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर असेल, ते आज दार उघडताच त्याला दोन गोड शब्द बोलतील, हे मला सांगायला नकोच. मागणे एवढेच आहे, की ते दोन शब्द बोलून झाल्यावर तसेच पुढे जावे. आत मुलगी अभ्यास करीत बसलेली असेल, ताट झाकून बायको वाट पाहत असेल, आजी जागीच असेल. टपालखाते चांगले आहे. पण माणूस समोर असताना पत्र कशाला धाडायचे? त्यांना तोंडावर सांगावे. दृष्ट लागायची नाही.