खेळ खेळाडूचा, मोजमाप कोणाचे?

मुलांच्या खेळात एखादे ‘कच्चे लिंबू’ असते. त्याला खेळू देतात, धावू देतात. पण त्याचा डाव मात्र कोणी धरीत नाही. वयाने लहान असलेल्याच्या बाबतीत ही रीत प्रेमाची आहे. परंतु चांगले खेळणाऱ्याला केवळ तो आपल्या मंडळात नाही म्हणून कच्चे लिंबू ठरविले, तर त्यास काय म्हणावे? हा प्रश्न आज मला गोल्फच्या निमित्ताने आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आदिलाबादच्या शिक्षकाने गोल्फविषयी बोलावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. आमच्याकडे कापसाची शेते. गोल्फची हिरवळ मी कधी जवळून पाहिलेली नाही. परंतु माझा एक जुना विद्यार्थी सुमारे ३०० किलोमीटरवरील हैदराबादेस जाऊन एका गोल्फ क्लबात कॅडीचे काम करतो. सदस्यांच्या काठ्यांची पिशवी वाहावयाची, चेंडू कोठे पडला ते पाहावयाचे, अंतर सांगावयाचे, हे त्याचे काम. सुटीच्या दिवशी कॅडींना मैदानावर खेळू देतात. तो गेली चार वर्षे खेळत आहे आणि प्रत्येक खेळाचे कार्ड त्याने बुटाच्या एका खोक्यात जपून ठेवले आहे. दिवाळीस घरी आला असता त्याने ते खोके माझ्यापुढे ठेवले व विचारले, “सर, ह्याला काय किंमत?” एका हौशी स्पर्धेत नाव घालावयास तो गेला होता. तेथे त्याला अधिकृत हँडिकॅपचा दाखला मागितला. दाखला क्लबाच्या सदस्यास मिळतो. हा तर क्लबाचा नोकर!

हँडिकॅप म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गोल्फच्या अठरा होल्सना चांगल्या खेळाडूस बहुधा ७२ फटके लागावेत, अशी मैदानाची आखणी असते. एखाद्यास सर्वसाधारणपणे ९० लागत असतील, तर ढोबळ मानाने त्याला १८ फटक्यांची सूट. दुसऱ्याची सूट ५ असेल, तर दोघे समोरासमोर आले असता पहिल्यास १३ फटके अधिक मिळतात आणि सामना बरोबरीचा होतो. नवशिका आणि मुरलेला, बाप आणि मुलगी, ह्यांना एकाच मैदानावर खऱ्या चुरशीने खेळविणारी ही फार सुंदर योजना आहे. २०२० साली जागतिक हँडिकॅप पद्धती अमलात आली. तिच्यात शेवटच्या २० कार्डांपैकी उत्तम ८ कार्डांची सरासरी धरतात, आणि मैदान किती अवघड आहे हेही हिशेबात घेतात. म्हणजे हा सारा अंकगणिताचा मामला. त्या अंकगणितात सदस्यत्वाच्या वर्गणीचा आकडा कोठेच येत नाही.

तरीही अधिकृत हँडिकॅपसाठी क्लबाचे सदस्यत्व लागते, ही जुनी वहिवाट आहे. आणि तिच्यामागे काहीच कारण नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ह्या खेळात लबाडी उलट्या दिशेने होते. मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवून घ्यावयाची व स्पर्धेच्या दिवशी खरा खेळ दाखवून बक्षीस न्यावयाचे! क्लबात चार माणसे ओळखीची असतात, समितीचे लक्ष असते. तेथे हे फार काळ चालत नाही. शिवाय हिरवळ राखावयास पैसा लागतो व तो सदस्य देतात. ज्यांनी भार उचलला नाही त्यांना लाभ का द्यावा, हा त्यांचा प्रश्नही सरळ आहे.

ह्याचे उत्तर मला माझ्या व्यवसायात सापडते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात ‘सतरा नंबरचा फॉर्म’ घरोघरी ठाऊक आहे. जो शाळेत बसू शकला नाही, तो हा अर्ज एका मान्य शाळेमार्फत भरतो व दहावीस बसतो. त्याला शुल्क भरावे लागते, पेपर तोच, तपासणी तीच. शाळा त्याच्यासाठी साक्षीदार होते. परंतु त्याच्या बुद्धीची ती मालक होत नाही. गोल्फ क्लबानेही एवढेच करावे. बाहेरच्या खेळाडूने मान्य मैदानावर खेळावे, सोबत खेळणाऱ्याची सही आणावी, नोंदीचे शुल्क द्यावे, आणि संशय आल्यास समितीपुढे उभे राहावे. क्लबातील मतदान, तेथील सवलती, तेथील अंतर्गत स्पर्धा ह्यांवर त्याने हक्क सांगू नये.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या गोल्फ संघटनेने २०२१ साली क्लबाबाहेरच्या खेळाडूंसाठी वर्गणी घेऊन अधिकृत हँडिकॅप देण्याची स्वतंत्र योजना सुरू केली. अमेरिकेत तर स्वतःचे मैदान नसलेल्या छोट्या मंडळांनाही क्लब म्हणून मान्यता मिळू शकते.

आणि आपल्या देशात ह्याची निकड अधिक आहे. दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेल्या अली शेर ह्यांनी १९९१ साली व पुन्हा १९९३ साली इंडियन ओपन जिंकली. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे पुत्र शिवशंकर प्रसाद चौरसिया ह्यांनी तीच स्पर्धा २०१६ व २०१७ साली जिंकली, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते भारतातर्फे खेळले. मराठी श्रोत्यांस पळवणकर बाळू आठवतील. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टी राखणारा व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा हा गोलंदाज १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला व त्याने शंभरावर बळी घेतले. सरावात त्याने कितीजणांची दांडी उडविली असेल, त्याची नोंद कोठेच नाही. त्याला सामन्यात घेतले, तेव्हाच त्याचे बळी मोजले गेले. गुण आधीपासून होता. मोजणारा उशिरा भेटला. ज्यांना तो कधीच भेटला नाही, त्यांची नावे आपणांस सांगता येणार नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक राज्याच्या संघटनेने बिगरसदस्यांसाठी एक नोंदवही उघडावी. ती उघडेपर्यंत क्लबाच्या सदस्यांनीही एक गोष्ट करावी. कोणती काठी घ्यावी, अंतर किती, हे ज्या मुलास ते रोज विचारतात व ज्याच्या शब्दावर फटका मारतात, त्याच्याबरोबर एकदा अठरा होल्स खेळावेत आणि त्याच्या कार्डावर आपली सही करावी. माझ्या विद्यार्थ्याच्या खोक्यात चार वर्षांची कार्डे आहेत. त्यांवर फटके सारे लिहिलेले आहेत. सहीची जागा तेवढी कोरी आहे.