बर्गी आले होते त्या गावात

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर.)

कोणी लोकलमध्ये असाल, कोणी भांडी घासताना ऐकत असाल. चालू द्या. आज मी तुम्हाला पश्चिम बंगालमध्ये नेणार आहे, पण कोलकात्याला नाही. तिथून रेल्वेने साधारण १४५ किलोमीटर वर, भागीरथीच्या काठावर काटवा नावाचं गाव आहे. आणि त्याच्या शेजारी त्याहून छोटं, दाईंहाट.

सुरुवात रात्रीपासून करते. जानेवारी महिना, कडाक्याची थंडी. मी ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या घरी काटव्याला गेले होते. जेवणं झाली होती. तिची आजी, म्हणजे त्यांची ठाकुमा, दोन वर्षांच्या पणतीला मांडीवर घेऊन थोपटत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. माझं बंगाली म्हणजे डबा खाताना शिकलेलं, 'भालो' आणि 'खूब भालो'च्या पुढे फारसं जात नाही. पण त्या गाण्यात एक शब्द आला आणि माझे कान उभे राहिले. 'बर्गी'.

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं आणि जीभ चावली.

मंडळी, बंगालमध्ये हे अंगाईगीत घराघरात माहीत आहे. त्यात बाळ झोपतं, गल्ली शांत होते आणि मग बर्गी येतात. आता सारा कुठून भरायचा, ही त्यातली चिंता. आणि हे बर्गी म्हणजे कोण? आपणच. मराठे. त्यातही नेमके नागपूरकर भोसल्यांचे स्वार. आणि मी कुठली? नागपूरची. महालातली! भोसल्यांच्या वाड्यापासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर आहे.

मला रात्री झोप लागेना. ठाकुमांना मी मैत्रिणीची 'पुण्यात नोकरी करणारी मैत्रीण' एवढंच माहीत होते. सकाळी त्यांनी विचारलं, तुझं घर कुठे, तर काय सांगायचं?

आधी हा शब्द बघू. 'बर्गी' आला आपल्या 'बारगीर'वरून. मराठा फौजेत स्वार दोन प्रकारचे असत. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं आणणारा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं तो बारगीर. आपल्या भाषेत सांगायचं तर शिलेदार स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो आणि बारगीर कंपनीच्या लॅपटॉपवर काम करतो. मराठीत हा एक साधा नोकरीचा शब्द. तोच शब्द हजारेक किलोमीटर पूर्वेला जाऊन बागुलबुवा झाला.

सकाळी आम्ही घाटावर गेलो. अजय नदी काटव्यालाच भागीरथीला मिळते. धुकं इतकं होतं की पलीकडचा नदिया जिल्हा दिसतच नव्हता, फक्त फेरीच्या इंजिनाचा आवाज येत होता. सोबत मैत्रिणीचे बाबा होते, निवृत्त शिक्षक. गंमत सांगते, बंगालीत काकांना 'काकू' म्हणतात. त्यामुळे मी दिवसभर साठीच्या मिशीवाल्या गृहस्थांना 'काकू, काकू' करत फिरत होते आणि दर वेळी मलाच हसू येत होतं.

काकूंनी गाव दाखवलं. १५१० मध्ये नवद्वीपचा एक चोविशीतला तरुण इथे आला आणि केशव भारतींकडून त्याने संन्यास घेतला. तो म्हणजे चैतन्य महाप्रभू. त्यांचं मुंडण झालं त्या जागी आज गौरांगबाडी नावाचं मंदिर आहे. पुढे जून १७५७ मध्ये क्लाइव्हची फौज इथे थांबली. नदी ओलांडायची की नाही यावर त्याने इथेच सरदारांची बैठक घेतली. बैठकीचं मत होतं, आत्ता नको. क्लाइव्हने नंतर विचार बदलला, नदी ओलांडली आणि २३ जूनला प्लासीची लढाई झाली. म्हणजे बघा, शाळेच्या इतिहासातली दोन मोठी प्रकरणं या एका गावातून गेलीत. पण काकू म्हणाले, "तुला बघायचंय ते दाईंहाटला आहे."

त्यांना माहीत होतं. मैत्रिणीने आधीच सांगितलं होतं.

दाईंहाट लोकलने एकच स्टेशन अलीकडे. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती २४ हजारांच्या आसपास. स्टेशनवरून टोटोत बसायचं. टोटो म्हणजे तिकडची ई-रिक्षा. जुनी विटांची घरं, अरुंद गल्ल्या, मध्येच एखादं तळं. हे गाव मूर्तिकारांचं. दक्षिणेश्वरची काली ज्यांनी घडवली ते नवीन भास्कर इथलेच. बंगालीत 'भास्कर' म्हणजे शिल्पकार. आणि या गावाच्या इतिहासात दुसराही एक भास्कर आहे, जो मूर्ती घडवायला आला नव्हता.

भास्कर राम कोल्हटकर. बंगाली लोक त्याला भास्कर पंडित म्हणतात. रघूजी भोसल्यांचा सेनापती. १७४२ च्या एप्रिलमध्ये तो पंचकोटच्या बाजूने बंगालमध्ये उतरला आणि त्याने नवाब अलिवर्दी खानाला बर्दवानजवळ घेरलं. मागणी होती चौथाईची, म्हणजे मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा. नवाब लढत लढत काटव्यापर्यंत मागे सरकला. मे महिन्यात मराठ्यांनी थेट मुर्शिदाबादवर धाड टाकून जगत्सेठाची पेढी लुटली. मग पावसाळा आला आणि त्यांनी काटव्यालाच तळ ठोकला. नदीच्या पश्चिमेकडचा मोठा मुलूख त्यांच्या हातात होता. नदीला पूर, घोडे पलीकडे जाईनात. त्यामुळे माणसं जीव घेऊन पूर्वेकडे पळत होती.

दसरा जवळ आला तेव्हा भास्कर पंडिताने दाईंहाटला दुर्गापूजा मांडली. मोठ्या थाटात. आणि खर्च? आसपासच्या जमीनदारांकडून वसूल. सक्तीची वर्गणी काही आजची नाही, मंडळी! पण पूजा पुरी झाली नाही. अलिवर्दीने रात्रीतून नावांचा पूल बांधून फौज अलीकडे आणली आणि सप्टेंबरअखेरीस, नवमीच्या पहाटे, तळावर हल्ला चढवला. मराठे मांडलेली पूजा टाकून पळाले. तो मंडप अमुक ठिकाणी होता असं गावात सांगतात. काकूंनी लांबून बोट दाखवलं. मी बराच वेळ तिथे उभी होते. फोटो काढावासा वाटला नाही.

आता खरं सांगते. त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं? मी उत्तरं तयार करत होते. 'अहो, ते नवाबाशी युद्ध होतं.' 'अलिवर्दी तरी कुठे वारसाहक्काने बसला होता, १७४० मध्ये आधीच्या नवाबाला मारूनच गादीवर आला.' 'मराठे म्हणजे काही एक टीम नव्हती.' आणि यातलं काहीच खोटं नाही. १७४३ मध्ये खुद्द पेशवे, नानासाहेब, बंगालमध्ये आले ते रघूजींच्या विरोधात आणि नवाबाच्या बाजूने. नवाबाने त्यासाठी त्यांना २२ लाख रुपये कबूल केले होते. शिवाय मार्च १७४४ मध्ये अलिवर्दीने भास्कर पंडिताला तहाच्या बोलणीसाठी मानकऱ्याला बोलावलं आणि तंबूत त्याची आणि वीसेक सरदारांची कत्तल केली. म्हणजे दगा तिकडूनही झालाच. हे सगळं मी मनात मुद्देसूद लावत होते. कोणी मला एक शब्दही विचारला नसताना!

तेवढ्यात काकूंनी गंगारामाचं नाव काढलं. गंगाराम नावाच्या एका कवीने या स्वाऱ्यांवर बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्याच्या हस्तलिखितावर जो बंगाली सन आहे तो १७५१ चा, म्हणजे घडलं त्यानंतर दहा वर्षांच्या आतला. त्यात पळून जाणाऱ्या माणसांची यादी आहे. पंडित पोथ्यांचं ओझं घेऊन पळतोय, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळं घेऊन, कुंभार चाक घेऊन. पुढे मारलेल्यांचं आणि बायकांवरच्या अत्याचारांचं वर्णन येतं. ते मी इथे सांगत नाही. आणि कथानक कसं आहे माहितीये? सुरुवातीला देवच मराठ्यांना पाठवतो, राज्यात पाप वाढलं म्हणून. पण ते गोरगरिबांवर तुटून पडतात तेव्हा देवी चिडते आणि नवाबाच्या बाजूला जाते. ज्या देवीची पूजा भास्कर पंडित दाईंहाटला मांडून बसला होता, तीच.

त्या यादीतल्या कुंभाराजवळ माझं मन अडकलं. त्याला चौथाई, पेशवे, रघूजी, अलिवर्दी कोण लागतात? त्याला फक्त चाक वाचवायचं होतं.

आमच्या कामात प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की रिपोर्ट लिहितात. कोणी काय बदललं, कोणत्या सर्व्हरने दगा दिला, कोणत्या टीमने आधीच इशारा दिला होता. सगळं अचूक असतं. पण ज्या युजरचा डेटा गेला, त्याच्या दृष्टीने तो रिपोर्ट म्हणजे शून्य. मी दाईंहाटला उभी राहून हेच करत होते. डिप्लॉय करणाऱ्या टीमच्या बाजूने रिपोर्ट लिहीत होते.

आणि माझ्या घरी हीच गोष्ट कशी येते? महालात भोसल्यांच्या वाड्यात पितृपक्षात हाडपक्या गणपती बसतो. भोसल्यांच्या घराण्यातले चिमणाबापू बंगालच्या मोहिमेवरून विजयी होऊन परतले, तोवर गणपती विसर्जन होऊन गेलं होतं, म्हणून त्यांनी पितृपक्षात पुन्हा उत्सव केला, अशी कथा सांगतात. ती स्वारी भास्कर पंडिताच्या नंतरची. पण लहानपणापासून मी 'बंगालची मोहीम' हे शब्द मोदकासोबत ऐकलेत. त्या मोहिमा ज्या दिशेला जायच्या तिथे कोणी राहत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी घरी परतलो. ठाकुमा उन्हातल्या खाटेवरून आत सरकल्या होत्या. आणि आलाच प्रश्न. मैत्रीण भाषांतर करत होती. "तुझं घर कुठे?"

मी म्हटलं, "नागपूर. बर्गी जिथून यायचे, तिथलंच."

त्यांनी चष्मा नीट केला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मग? साऱ्याला आलीस का?"

सगळे हसले. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुनेला हाक मारली आणि माझ्यापुढे पांतुआची वाटी आली. पांतुआ म्हणजे आपल्या गुलाबजामचा चुलतभाऊ. काटव्याचा खव्याचा पांतुआ प्रसिद्ध आहे. दोन खाल्ल्यावर मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "बर्गी असून दोनच?"

आता, एका वाटीने सगळं फिटलं असं मी म्हणणार नाही. फिटलं नाहीच. नंतर त्या गंभीर होऊन म्हणाल्या, की त्यांच्या आजीच्या माहेरी तळ्यात भांडी लपवल्याची गोष्ट सांगायचे. खरी की खोटी, कोण जाणे. पण २८० वर्षं एखादी गोष्ट मांडीवरून मांडीवर जाते, तेव्हा तिच्यात काहीतरी दुखरं असतं. मी "सॉरी" म्हणाले नाही. कोणाच्या वतीने म्हणणार? मी फक्त ऐकलं, आणि या वेळी उत्तर तयार न करता.

निघताना काकूंनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. सखाराम गणेश देऊस्कर नावाचे मराठी घरातले लेखक होते, ते बंगालीत लिहायचे. त्यांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवायला मदत केली आणि १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. म्हणजे ज्या घरांत रात्री बर्गींची अंगाई चालायची, त्याच बंगालमध्ये शिवाजी महाराजांचा गौरवही झाला. काकू म्हणाले, "आम्हाला दोन्ही आठवतं." मला ते फार आवडलं. आपल्यालाही दोन्ही आठवायला हरकत नाही.

जायचं असेल तर हावड्याहून काटवा लोकल पकडा, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. खिडकीत बसा, वाटेत मुढी घ्या. हिवाळ्यात जा, नोलेन गूळ मिळेल. दाईंहाटला 'बघण्यासारखं' फार काही नाही. तरी जा. आणि कोलकात्यात वेळ असेल तर बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली शोधा. आपल्या स्वारांच्या भीतीने शहराभोवती खंदक खोदायला घेतला होता, तो अर्धवटच राहिला आणि मराठे तिथे पोचलेही नाहीत. खंदक बुजला, गल्लीला नाव राहिलं.

हो, तुमच्यातले काही जण म्हणतील की ते अंगाईगीत ऐकव ना. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. ठाकुमांनी परवानगी पण दिली होती. पण त्यात मागे त्या बाळाचा झोपेतला श्वास ऐकू येतो, ते त्या घरातच राहू दे. तुमच्या ऑफिसात, हॉस्टेलवर कोणी बंगाली असेल तर त्यांनाच विचारा. आणि म्हणून दाखवायला लागले, तर मध्ये बोलू नका.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!