कारखाना जमेत, कामगार खर्चात

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांचा समूह उभारण्यास मान्यता दिल्याचे जाहीर केले. क्षेत्र सुमारे २९७ एकर, खर्च सुमारे ४९३ कोटी रुपये. त्यांपैकी जवळजवळ २०८ कोटी केंद्राचे. दोन हजार कोटींची गुंतवणूक येईल आणि पाच हजार लोकांना काम मिळेल, असा अंदाजही त्याबरोबर सांगण्यात आला. जमीन, भांडवल आणि रोजगार हे तीन आकडे अशा प्रत्येक घोषणेत असतात. चौथा आकडा सहसा नसतो. या पाच हजार माणसांना पाणी कोण पुरवणार, त्यांचा कचरा कोण उचलणार, त्यांची मुले कोणत्या शाळेत बसणार, आणि त्या खर्चाचा किती भार रांजणगाव गणपती, कारेगाव, ढोकसांगवी अशा गावांच्या ग्रामपंचायतींवर पडणार, हा तो चौथा आकडा होय. तो कोणी मांडत नाही. म्हणून तो कोणाला द्यावाही लागत नाही. अखेर तो गावाच्या माथी येतो.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. २०११ च्या जनगणनेत शिरूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८५ हजार व दौंडची सुमारे ३ लाख ८० हजार होती. शिरूरमध्ये रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर हा कारखान्यांचा पट्टा आहे. दौंडमध्ये कुरकुंभची रासायनिक वसाहत, साखर कारखाने आणि रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. विकास झाला नाही, अशी या तालुक्यांची तक्रार असू शकत नाही. त्यांचा प्रश्न निराळा आहे. विकासाचे उत्पन्न एका तिजोरीत जाते आणि त्याचा खर्च दुसऱ्या तिजोरीतून होतो. या दोन तिजोऱ्या एकाच वहीत कोणी मांडल्या, तरच विकासाचा खरा ताळेबंद दिसेल.

प्रथम जमेची बाजू पाहू या. कारखान्यातून निघणाऱ्या मालावरील वस्तू व सेवा कर २०१७ पासून केंद्र व राज्य यांच्यात वाटला जातो. नव्या बांधकामांवरील विकासशुल्क नियोजन प्राधिकरणाकडे जाते. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील काही गावे त्याच्या हद्दीत आली. तेथे परवानगी प्राधिकरणाची, शुल्कही प्राधिकरणाचे. राहायला आलेल्या कुटुंबाने नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करायची ती मात्र सरपंचाकडे. जमिनीच्या खरेदीविक्रीवरील मुद्रांक शुल्काच्या अधिभारातून स्थानिक संस्थांना वाटा मिळतो, हे खरे. परंतु जमीन एकदा विकली जाते आणि पाणी रोज लागते. एकवेळच्या उत्पन्नावर कायमचा खर्च बेतणारी संस्था काही वर्षांतच कोरडी पडते.

ग्रामपंचायतीच्या हक्काचे म्हणावे असे मुख्य उत्पन्न म्हणजे घरपट्टी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने इमारती व जमिनी यांवर कर बसवण्याचा अधिकार तिला दिला. त्याच अधिनियमाच्या कलम १२५ ने कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची वाटही ठेवली. ही वाट सोयीची वाटते, पण निसरडी आहे. वाढीची तरतूद नसलेला करार झाला, तर कारखान्यात शेडमागून शेड उभी राहते आणि ठोक रक्कम जागच्या जागी राहते. पुढे २०१९ साली राज्य शासनाने औद्योगिक क्षेत्रांतील ही करवसुली औद्योगिक विकास महामंडळाकडे सोपवून निम्मा वाटा महामंडळाला व निम्मा ग्रामपंचायतीला, असे धोरण स्वीकारले. वसाहतीच्या आतील रस्ते, पाणी, दिवे महामंडळ पाहते, हे त्याचे समर्थन. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कामगार वसाहतीच्या आत राहत नाही. पाळी संपली की तो कुंपणाबाहेर येतो, आणि कुंपणाबाहेरचा प्रत्येक नळ, प्रत्येक गटार, प्रत्येक दिवा गावाचा असतो.

आता खर्चाची बाजू. कारखान्यांभोवतीच्या गावांत शेताच्या कडेने खोल्यांच्या रांगा उठल्या. एका खोलीत चार-पाच तरुण राहतात. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी विदर्भातून, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीत दहा खोल्यांची चाळ ही एका मालकाची एक मिळकत म्हणून लागते. पाणी मात्र पन्नास माणसे पितात. ग्रामीण नळयोजनांसाठी दर माणशी दररोज ५५ लिटर हे आज मान्य झालेले प्रमाण आहे. या हिशेबाने हजार कामगार वाढले की गावाला रोज ५५ हजार लिटर जादा पाणी लागते. सरकारी अनुदान यावे, तर त्याच्या वाटपातही मोठा आधार लोकसंख्येचा, आणि तीही २०११ च्या जनगणनेची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली. पण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणून २०११ नंतर आलेला माणूस गावात राहतो, गावात खातो, गावातल्या कारखान्यात राबतो, परंतु अनुदानाच्या कागदावर तो जन्मालाच आलेला नाही.

असा हिशेब मांडण्याचे शास्त्र जगात नवे नाही. अमेरिकेत रॉबर्ट बर्चेल व डेव्हिड लिस्टोकिन यांनी १९७८ साली या विषयावर एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ लिहिला आणि सहा पद्धती सांगितल्या. त्यांतील दोन येथे पुरेशा आहेत. पहिली सरासरीची. आजचा दरडोई खर्च काढायचा आणि त्याला वाढणाऱ्या माणसांनी गुणायचे. दुसरी प्रत्यक्ष पाहणीची. प्रत्येक खात्याला विचारायचे की तुमची टाकी, तुमची शाळा, तुमचा रस्ता आणखी किती भार सोसेल. पहिली पद्धत सोपी, पण फसवी आहे. पाण्याच्या टाकीत जागा शिल्लक असेल, तर शंभर माणसे वाढली तरी खर्च फारसा वाढत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर पुढच्या पहिल्या माणसासाठी नवी टाकी बांधावी लागते. ग्रामपंचायतीने दुसरी पद्धत धरावी. तिला तज्ज्ञांची फौज लागत नाही. ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि पाणी सोडणारा शिपाई हे चौघे एका दुपारी ही माहिती देऊ शकतात.

परंतु या शास्त्राने एक अनर्थही केला, आणि समाजवादी कार्यकर्त्याने तो विसरता कामा नये. अमेरिकेत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून भागतो. साहजिकच तेथील अनेक नगरांनी हिशेब केला की लहान घरात राहणारे, मुलाबाळांचे गरीब कुटुंब कर थोडा देते आणि खर्च फार करवते. मग त्यांनी मोठ्या भूखंडांचीच सक्ती केली, लहान घरांना परवानगी नाकारली आणि गरिबाला वेशीबाहेर ठेवले. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली माउंट लॉरेल या नगराच्या खटल्यात या प्रवृत्तीला चपराक दिली. अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा आपला वाजवी वाटा प्रत्येक वाढत्या नगराने उचललाच पाहिजे, असा निर्णय दिला.

तीच प्रवृत्ती येथे वेगळ्या वेषात उभी राहते. बाहेरचे लोक आले आणि गावाचे पाणी आटले, अशी भाषा चावडीवर ऐकू येते. त्या भाषेत दुःख खरे असते, आरोपी चुकीचा असतो. कारखाना जमेच्या पानावर लिहायचा आणि कामगार खर्चाच्या पानावर, ही हिशेबातील मूलभूत लबाडी आहे. कामगाराविना कारखाना एक रुपयाचाही माल काढू शकत नाही. कारखान्यातून जी करांची गंगा दिल्लीकडे व मुंबईकडे वाहते, तिचा उगम त्याच्या श्रमात आहे. म्हणून कामगाराच्या पाण्याचा खर्च हा कारखान्याच्या उत्पन्नावरचा पहिला बोजा मानला पाहिजे. दोघांची नोंद एकाच पानावर, एकाच ओळीत झाली पाहिजे. असे केले की भांडण गावकरी आणि परगावचा कामगार यांच्यात उरत नाही. ते गाव आणि वरच्या तिजोऱ्या यांच्यात उभे राहते, आणि तेच खरे भांडण आहे.

दौंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि या गावाचे भाग्य रेल्वेशी बांधले गेले. रेल्वेने माणसे आणली, बाजारपेठ आणली. पण संघराज्याच्या मालमत्तेला राज्याच्या व स्थानिक करांतून संविधानाच्या अनुच्छेद २८५ ने सामान्यतः सूट दिली आहे. गावातील एवढी मोठी मिळकत अशा रीतीने नेहमीच्या कराच्या कक्षेबाहेर राहते. पूर्वी मालाच्या येण्यावर जकात तरी होती. १९९९ साली नगरपरिषदांची जकात रद्द झाली. शिरूर व दौंड या दोन्ही नगरपरिषदांचे वाढत्या व्यापाराबरोबर आपोआप वाढणारे उत्पन्न गेले आणि त्याच्या जागी वरून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहणे आले. व्यापार गावात वाढतो; त्याचा लाभ मात्र अर्ज करून मागावा लागतो.

आणखी एक खर्च तर कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा पूर्वेकडे येते आणि दौंडचे वाळकी व शिरूरचे रांजणगाव सांडस यांच्या परिसरात भीमेला मिळते. शहराने जे शुद्धीकरण अर्धवट सोडले, त्याची किंमत या काठच्या गावांना विहिरींच्या पाण्यात आणि औषधपाण्यात मोजावी लागते. कुरकुंभ परिसरातील पाण्याच्या प्रदूषणाविषयी गावकऱ्यांच्या तक्रारीही जुन्याच आहेत. हद्दीच्या आत पाहणारा हिशेब हे दाखवू शकत नाही. शहराच्या अंदाजपत्रकात जी बचत दिसते, ती पुष्कळदा खेड्याच्या अंदाजपत्रकातील तूट असते.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका कायद्याने व्हायच्या असतात. अंदाजपत्रकापूर्वीच्या बैठकीत एक साधा तक्ता मागावा. नवा कारखाना, नवी गृहरचना किंवा नवा रस्ता यांतून काय मिळणार, ते कोणाला मिळणार आणि केव्हा मिळणार. गावाला काय खर्च येणार आणि तो केव्हापासून येणार. ‘केव्हा’ हा रकाना विसरू नये. पाणी पहिल्या दिवसापासून लागते आणि कराचा पैसा अनेकदा काही वर्षांनी हाती येतो. कारखान्यांची दर चार वर्षांनी व्हावयाची फेरआकारणी झाली की नाही, हे नमुना आठ उघडून पाहावे. ठोक रकमेचा करार असेल, तर तो ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. भाड्याच्या खोल्यांतील माणसांची गणना गावानेच करावी. त्यांना हाकलण्यासाठी नव्हे, त्यांच्या नावाने वाढीव पाणी व वाढीव अनुदान मागण्यासाठी. आणि त्या कामगारालाही सभेच्या चर्चेत बसवावे. गावोगावचे तक्ते एकत्र झाले, की विकासशुल्कातील वाट्याची आणि नदीच्या शुद्धीकरणाची मागणी दोन तालुक्यांना एका आवाजात करता येईल.

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ साली पंचायतींना स्थान दिले, जबाबदाऱ्यांची यादी दिली आणि त्यांच्या वित्ताचा विचार करण्यासाठी राज्य वित्त आयोगाची तरतूद केली. परंतु हक्काचा पैसा केवळ तरतुदीने चालत येत नाही. तो हिशेब दाखवून मागावा लागतो. ज्या गावाला आपल्यावर पडलेला भार आकड्यांत सांगता येत नाही, त्याची मागणी वर याचना म्हणून वाचली जाते. तोच भार आकड्यांत मांडला की ती थकबाकी ठरते. पुढच्या ग्रामसभेत हा तक्ता कोरा राहू नये, एवढे काम शिरूर आणि दौंडच्या साथींनी हाती घ्यावे.