माहेरच्या नावाची यादी
(मार्च १९७५च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. 'नेहमीसारखं लांबवू नकोस' असंही बजावलंय. वर्गात मी बाकावर उभी राहायचे ती बोलण्यापायीच, हे बाईंनी मघाशी सर्वांसमक्ष सांगितलं. तेव्हा आज जपून बोलते.

आपण दहावीच्या पहिल्या तुकडीच्या मुली. दहा अधिक दोन अधिक तीन हा नवा आकृतिबंध आला आणि तो पहिल्यांदा आपल्यावर करून बघितला गेला. त्याच मार्चमध्ये जुन्या अकरावीच्या मुलीही एसएससीला बसल्या. एकाच वर्षी दोन तुकड्या! आपल्याला धाकट्या म्हणून चिडवणाऱ्या ताया आणि आपण एकदमच मॅट्रिक झालो. पुढे ज्युनियर कॉलेज नावाच्या नव्या प्रकरणात गेलो आणि १९७७ला बारावीच्याही पहिल्याच ठरलो. घरात विचारायला कुणी नव्हतं, कारण घरातल्या कुणीच ही परीक्षा दिलेली नव्हती. जुन्या पद्धतीत ज्या मुलीला बीजगणित-भूमिती झेपत नसे, तिला दुसरी वाट होती. नव्यात गणित आणि शास्त्र सगळ्यांनाच सक्तीचं झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या मेळाव्यासाठी यादी करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या यजमानांच्या शाळेचा मेळावा झाला, तेव्हा त्यांनी पंधरा दिवसांत सगळा वर्ग गोळा केला. मुलांचं सोपं असतं. नाव तेच, आडनाव तेच, पुष्कळदा घरही तेच. आपलं तसं नाही. लग्नात आडनाव गेलं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आणि कितीतरी जणींचं तर स्वतःचं नावही ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन लिहिलं गेलं. टेलिफोन डिरेक्टरीत आपण कधी नव्हतोच. तिथे नवऱ्याचं नाव असायचं, नाहीतर सासऱ्यांचं.

मग आम्ही तिघी-चौघी माहेरं शोधत फिरलो. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतले आपले वाडे आता कुठे राहिलेत? वाड्याच्या जागी इमारत, तिला आजोबांचं नाव, आणि खाली मोबाइलचं दुकान. पण कोपऱ्यावरचा गिरणीवाला कामाला यायचा. 'त्यांचा मुलगा कोथरूडला गेला' एवढं त्याला ठाऊक असे. भाऊ सापडला की मैत्रीण सापडायची. एका भावाने मला दहा मिनिटं उलटतपासणी केल्यावर बहिणीचा नंबर दिला. त्याला वाटलं, मी विमा विकतेय.

अशा आपण जमलो. व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला आणि पन्नास वर्षांची खबरबात आठ दिवसांत येऊन पडली. कोण बँकेतून निवृत्त झाली, कोणाची नात न्यू जर्सीत मराठी शाळेत जाते, कोण बारा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करत होती, कोणी पन्नाशीनंतर पोळीभाजी केंद्र काढलं. गुडघ्यांचा हिशेब तर मी ठेवणंच सोडून दिलं. चव्वेचाळीस नावांची यादी मी मोठ्या अभिमानाने फळ्यावर लिहावी तशी ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, 'आपली पूर्ण तुकडी.'

आता खरी गोष्ट सांगते.

माझ्या घराजवळ एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. दोन वर्षं मी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकतेय. पावती त्यांच्याकडची मुलगी लिहायची. मागच्या दिवाळीत ती मुलगी गावी गेली होती, म्हणून बाईंनी स्वतः पावती लिहिली. मी ती पर्समध्ये टाकणार, तेवढ्यात अक्षराकडे लक्ष गेलं. तो गाठीचा 'श', ती सरळ, ताठ वेलांटी. आठवी ते दहावी, तीन वर्षं रोज सकाळी ते अक्षर मी फळ्यावर पाहिलं होतं. सुविचार लिहिणारं अक्षर.

मी तिचं माहेरचं नाव घेतलं. तिने मशीनवरून मान वर केली नाही. म्हणाली, "त्या नावाने आता फक्त भाऊ हाक मारतो. तीही राखीपौर्णिमेला."

"अगं, मला ओळखलं नाहीस?"

"पहिल्या दिवशीच ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मी तुमच्या बॅचची नाही गं. मी गणितात गेले ना."

मैत्रिणींनो, मी घरी आले आणि माझी चव्वेचाळीस नावांची यादी काढून बसले. ती यादी मी कशावरून केली होती? जपून ठेवलेल्या निकालाच्या कागदावरून. म्हणजे पास झालेल्यांची. दहा वर्षं ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांच्यातल्या आठ जणी मी एका विषयाच्या मार्कांवरून वर्गाबाहेर ठेवल्या होत्या, आणि वर 'पूर्ण तुकडी' असं लिहिलं होतं. तुम्हीही कुणी विचारलं नाहीत. पण यादी माझी होती, म्हणून चूक माझी.

आणखी एक आठवलं, तेही सांगून टाकते. निकालाच्या दिवशी आपण फाटकापाशी पेढे वाटत होतो. ती भिंतीशी गुणपत्रिका घेऊन उभी होती. मी तिला पाहिलं. काय बोलावं कळेना, म्हणून न पाहिल्यासारखं करून पुढे गेले. पुन्हा गाठच पडली नाही. तिला एकतीस होते, चार कमी. ऑक्टोबरला बसायचं तिच्या मनात होतं. घरून फॉर्मचे पैसे मिळाले नाहीत. वर्षभरात शिवणाचा क्लास, मग लग्न. आज ती मापं घेतली की कागद-पेन्सिल न घेता कापड किती लागेल ते सांगते, पाव मीटरही वाया जात नाही. पण शाळेवरून रिक्षा गेली की आजवर ती दुसरीकडे बघायची, हे तिनेच मला सांगितलं.

म्हणून मी शाळेच्या कार्यालयात गेले आणि जनरल रजिस्टरवरून नवी यादी करून घेतली. बावन्न नावं. पास-नापास काही नाही, फक्त माहेरचं नाव. आज तुमच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तेच आहे. बावन्नातल्या चार जणी आता या जगात नाहीत. त्या आठांपैकी तिघी सापडल्या, पाच अजून सापडायच्या आहेत. त्यांची नावं स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर दिली आहेत. एकेक नाव एकेकीने घरी न्या, भाऊ शोधा, भावजय शोधा.

आणि भेटल्यावर पहिला प्रश्न 'सध्या काय करतेस?' असा विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून किती जणी यायच्या थांबतात, हे मला या वर्षी कळलं. 'तू माझ्या शेजारी बसायचीस' एवढं म्हणा, पुरे.

सकाळी दारातल्या फळ्यावरचा सुविचार पाहून तुमच्यातल्या सहा-सात जणी थबकल्या, मी लांबून बघत होते. अक्षर ओळखलंत ना? ती तिसऱ्या बाकावर बसली आहे, तिच्या जुन्या जागेवर. यायला तयार नव्हती. खडू आणायचं काम माझ्याकडे असेल, या अटीवर आली.

दहा मिनिटं झाली. बाई, रजिस्टरवरची यादी टेबलावर आहे. मी जागेवर बसते, तुम्ही हजेरी घ्या.