अंगावरचे पित्त आणि हिस्टामीन



आपल्या घरांत दोन निराळ्या विकारांना एकच नाव आहे. छातीत जळजळले की ‘पित्त झाले’ आणि अंगावर खाजऱ्या गांधी आल्या की ‘पित्त उठले’. मग आमसुलाचे पाणी अंगाला चोळावयाचे. हे नामकरण वैद्यकशास्त्राला मान्य नाही. तथापि योगायोग असा, की दोन्ही ठिकाणी हिस्टामीन या एकाच द्रव्याचा हात असतो.

हे द्रव्य बाहेरून येत नाही. त्वचा, नाक व श्वासमार्ग यांतील मास्ट पेशींत ते आधीच साठविलेले असते. ज्याला कोळंबीचे वावडे आहे, त्याच्या या पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडे चिकटून बसलेली असतात. कोळंबीतील प्रथिन त्यांना भेटताच पेशी काही मिनिटांत आपली कोठारे रिती करतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि गांध उठते.

१९३७ साली दानिएल बोव्हे व आन-मारी श्टाउब यांनी पहिले हिस्टामीनरोधक द्रव्य दाखविले. अशी औषधे हिस्टामीन नष्ट करीत नाहीत; ते ज्या ग्राहींवर काम करते, त्यांवर ती स्वतः जाऊन बसतात. त्वचेची खाज त्यांनी थांबे, जठरातील आम्ल मात्र कमी होईना. जठरातील ग्राही निराळे आहेत, हे जेम्स ब्लॅक यांनी १९७२ साली दाखविले, आणि आम्लपित्ताच्या औषधांची नवी वाट खुली झाली.

आता माझ्या चुकीविषयी. मी शिक्षक असताना एका सहलीत एका मुलाला मधमाशी डसली. अंगावर गांधी उठल्या. मी ॲलर्जीची गोळी दिली आणि निर्धास्तपणे वाट पाहत बसलो. अर्ध्या तासात त्याचा आवाज घोगरा झाला, श्वास घरघरू लागला, हातपाय गार पडले. गोळीचा गुण येण्यास वेळ लागतो. शिवाय मास्ट पेशी हिस्टामीनखेरीज इतरही द्रव्ये सोडतात, त्यांवर तिचा इलाज चालत नाही. अशा वेळी पहिले औषध ॲड्रिनॅलीन. प्रौढास ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. मुलांस वजनाच्या मानाने कमी. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, श्वासमार्ग मोकळा करते आणि पेशींतील पुढचा स्राव रोखते. गोळी त्यानंतर, केवळ खाजेसाठी.

त्या मुलाला जवळच्या दवाखान्यात ते इंजेक्शन मिळाले. काही मिनिटांत त्याने पाणी मागितले.