अंगणातल्या खांबाला अर्थिंग : मृगाआधीचं काम



आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणी अंगणात लोखंडी खांब रोवून रेडिओची एरियल चढवतो, कोणी इंटरनेटचा डबा. खांब उभा झाला की काम संपलं असं वाटतं. तसं नाही. मृगाचे ढग गडगडले की उंच वस्तूवर वीज पडण्याचा धोका जास्त. तिला जमिनीत जायला चांगली वाट दिली नाही, तर ती एरियलच्या तारेनं घरात शिरते.

यासाठी 16 मिलिमीटर जाड, अडीच मीटर लांब गॅल्वनाइज्ड सळई घ्या. खांबाजवळ, पण घराच्या भिंतीपासून निदान दीड मीटर लांब, पूर्ण ठोका. आपली काळी माती ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळून सळईपासून सुटते. म्हणून सळई खालच्या ओलीपर्यंत गेलीच पाहिजे. मुरूम लवकर लागला तर सळई कापून वेळ भागवू नका. जागा बदला, किंवा अर्धा मीटर खोल लांब चर खणून त्यात गॅल्वनाइज्ड पट्टी गाडा. एकाहून जास्त सळया लागल्या, तर दोन सळयांत पाच मीटर अंतर ठेवा.

खांबाच्या बुडापासून सळईपर्यंत 25 बाय 3 मिलिमीटरची पट्टी सरळ न्या. वेटोळं नको.

आता मुख्य गोष्ट. खांबाची सळई आणि घरच्या मीटरचं अर्थिंग जमिनीतून पट्टीनं एकमेकांशी जोडून घ्या. दोन्ही वेगळी राहिली, तर वीज पडताच त्यांच्यातला दाब तुमच्या रेडिओतून, टीव्हीतून वाट काढतो. मीटरकडचं हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

सळई गोठ्यापासून दूर ठेवा, खांबाला बैल बांधू नका. बैलाचे पुढचे-मागचे पाय दूर असतात. जमिनीत पसरलेली वीज त्या पायांतून अंगात जाते आणि जनावर जागीच दगावतं.

अर्थिंग मे महिन्यात, माती कोरडी असताना, मोजून घ्या. 10 ओहमच्या आत हवं. पावसाळ्यातलं माप फसवं असतं.

आणि बंधूंनो, अर्थिंग केलं म्हणून गाफील राहू नका. आभाळ भरून येताच एरियलची तार आणि प्लग काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हात लावू नका. यंत्र गेलं तर पुन्हा घेता येईल.