दोघांना उभं राहता येईल असं स्वयंपाकघर



घर आनंदी करायचं म्हटलं की आपण दिवाणखान्यापासून सुरुवात करतो. रंग, पडदे, नवा सोफा. मी आज तुम्हाला थेट स्वयंपाकघरात नेणार आहे, कारण घरातल्या कुणाचे तरी रोजचे कित्येक तास तिथे जातात आणि घर घेताना सर्वांत कमी विचार त्याच खोलीचा होतो.

या खोलीचा मनापासून विचार करणारी एक बाई होऊन गेली. 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये महापालिका मोठ्या वसाहती उभारत होती. त्या कामावर मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ही तिशीच्या आतली वास्तुविशारद होती. स्वयंपाक करणारीची पावलं वाचावीत म्हणून तिने कामाचा क्रम बारकाईने अभ्यासला. आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवलं आणि जेमतेम 1.9 मीटर रुंद, 3.4 मीटर लांब अशी खोली आखली. खिडकीपाशी बसून चिरण्या-निवडण्याची सोय, फिरतं स्टूल, साखरेसारख्या जिन्नसांचे अ‍ॅल्युमिनियमचे खण, भांडी निथळायला फडताळ, सगळं हाताच्या अंतरावर. अशी सुमारे 10 हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आजच्या सलग ओट्याच्या स्वयंपाकघरांची ती पूर्वज.

बाईचे श्रम मोजून कमी करता येतात, हे तिने मानलं आणि करून दाखवलं. याबद्दल मला तिच्याविषयी फार आदर आहे. पण पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी एक उणीव दाखवली, तीही खरी आहे. त्या खोलीत काम करायला जागा होती एकाच व्यक्तीला. पावलं वाचली, पण काम करणारी एकटी पडली.

आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये हेच झालं. बोळासारखं स्वयंपाकघर, एका बाजूला ओटा, दुसरं कुणी आलं की पहिल्याने अंग चोरायचं. जुन्या वाड्यांचे गोडवे मी गाणार नाही. तिथे चुलीच्या धुराने डोळे जात, आणि सोबतीला असलेले हातही सगळे बायकांचेच असत. तरीही पोळ्या लाटताना बोलायला कुणीतरी शेजारी असायचं.

आकडे ऐका. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97. ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची आहे. मुळात असं काम केलं म्हणणारे पुरुष होते 26 टक्के, स्त्रिया 81 टक्के. 2024च्या सर्वेक्षणात स्त्रियांची मिनिटं 289 झाली, पुरुषांची 88. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली ती पुरुषाने काम उचलल्यामुळे नव्हे. पाच तासांच्या जवळपासचं हे ओझं एकीच्याच खांद्यावर ठेवून घर सुखी आहे असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग करायचं काय? आधी खोलीपासून सुरुवात करू. घराची डागडुजी निघाली तर ओट्याची उंची तिथे रोज काम करणाऱ्यांच्या मापाने ठरवा. कोपरापासून दहा-पंधरा सेंटिमीटर खाली ओटा असला की कंबर आणि खांदे कमी दुखतात. खिडकी मोकळी ठेवा, एक्झॉस्ट पंखा चालू आहे ना ते बघा. ओट्यावर पडणारी आपलीच सावली टाळायला वरच्या कपाटाखाली एक दिवा लावा. बसून निवडता-सोलता येईल असं एक स्टूल ठेवा. भिंत पाडणं शक्य नसेल तर बाहेरच्या जेवणाच्या टेबलावरच पोळपाट, विळी, चिरण्याचा पाट मांडा. दुसऱ्या माणसाला जागा होते. ताटं-वाट्या खालच्या खणात ठेवल्या की मुलं स्वतः पानं घेतात.

पण नुसत्या फर्निचरने हे साधणार नाही. स्वयंपाकातलं सर्वांत दमवणारं काम दिसतच नाही: आज भाजी कुठली, दूध किती उरलंय, डाळ भिजत घातली का, गॅस कधी संपेल. म्हणून माझी पुरुषांना विनंती आहे की सांगितलं तेवढं करून बाजूला होऊ नका. आठवड्यातली दोन रात्रींची जेवणं पूर्णपणे आपल्याकडे घ्या. काय करायचं ते ठरवण्यापासून, बाजारातून आणण्यापासून, शेवटी ओटा पुसून शेगडी लख्ख करेपर्यंत. आणि घरातल्या बायकांना विनंती की पोळी वाकडी झाली तरी लाटणं हातातून काढून घेऊ नका. हात वळायला वेळ लागतो, तो पुरुषांना मिळू द्या.

मुलग्यांना दहाव्या वर्षापासून कुकर लावायला, वरणाला फोडणी द्यायला शेजारी उभं राहून शिकवा. वसतिगृहात, परगावी, पुढे स्वतःच्या संसारात ते त्यांच्या कामी येईल, आणि त्यांच्या घरी कुणीही एकटं राबणार नाही.

शुट्टे-लिहोत्स्कीने पावलं मोजली. आपण माणसं मोजू या. आज घरी गेल्यावर एवढंच विचारा की या खोलीत रोज कोण किती वेळ उभं असतं, आणि त्यातला कुठला वाटा उद्यापासून माझा.